भाव तोच, चिवडा कमी

वहिनी गेल्याचा फोन शहरातल्याच नानाखेड्याहून, त्यांच्या मुलाकडून आला तेव्हा मी देवास गेटच्या आमच्या फराळाच्या दुकानात गल्ल्यावर बसले होते. म्हणजे त्यांच्याच जागेवर. वहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई. दुकान त्यांनी उभं केलं, आणि गल्ल्यावरून त्यांना उठवलं मी.

तेव्हा मी तरुण होते... म्हणजे पन्नाशीची, पण अक्कल विशीतलीच. व्हॅट वाढला आणि बाजारात ज्याने त्याने गुपचूप आपला मार्ग काढला. कुणी शेंगदाणे कमी केले, कुणी तेल बदललं. मी पडले बी.कॉम. झालेली विदुषी! म्हणाले, भाव वाढवला तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल. पाकीट तेच, भाव तोच, आत चिवडा मूठभर कमी. "आणि वजन?" वहिनींनी विचारलं. "नवं छापू की, बारीक अक्षरात. कोण वाचतंय?" त्यांना पटलं नव्हतं, पण दुकान चालायला हवं म्हणून 'बरं' म्हणाल्या. आणि पाकिटं आली त्या दिवसापासून गिऱ्हाइकागणिक सांगत सुटल्या, "भैया, भाव वही है, चिवडा कम है. टैक्स बढ़ गया ना!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक जुने मास्तर खो खो हसले, "भाभीजी, कर तो सब रहे हैं, बोल आप ही रही हो!" हसत हसत ते दोन पाकिटं घेऊन गेले, पण मला मेलीला फक्त ते हसणंच ऐकू आलं.

संध्याकाळी मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही आता आत पॅकिंगला बसा. गल्ला मी बघते."

"माझं काही चुकलं का गं, सुमन?"

"छे हो, गर्दीत दमता तुम्ही."

त्यांनी चष्मा उचलला आणि पडद्यामागे गेल्या... पुन्हा बाहेर बसल्या नाहीत. लोक विचारायचे, "बड़ी भाभी नहीं दिखतीं?" मी सांगायची, "उनसे अब होता नहीं, भूलने लगी हैं." चांगली ठणठणीत बाई, पण एकेका पाकिटाबरोबर मी तिला म्हातारी करत गेले.

पुढे व्हॅट जाऊन जीएसटी आला, पाकिटं आणखी हलकी झाली, आणि वहिनी मुलाकडे राहायला गेल्या. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "दुकान कसं चाललंय?" म्हटलं, "छान." त्या मिश्कील हसल्या. "मग सांगतेस का गं गिऱ्हाइकांना?" मी चहातली विरघळलेली साखर ढवळत बसले.

तेरावं झालं आणि आठवड्याभरात माझी सून म्हणाली, "आई, आता तुम्ही आत बसत जा, गल्ला मी बघते." शहाणी आहे, माझ्याच हाताखाली शिकलेली. मी आत वहिनींच्या स्टुलावर जाऊन बसले. थोड्या वेळाने बाहेर कुणीतरी विचारलं, "अम्मा कहाँ हैं आज?" सुनेने उत्तर देताना आवाज अगदी खाली केला... तरी पडद्याआड मला शब्द न् शब्द ऐकू आला.