माहेरचंच सासर

माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. लग्न ठरलं तेव्हा मलकापूरच्या आमच्या घरी सगळ्यांनी मला नशीबवान ठरवलं. आत्याच्या घरात सासुरवास कसला? मलाही तसंच वाटलं होतं.

मुलगी झाली. नर्सनं तिच्या डोक्याभोवती टेप परत परत लावून बघितला. डोकं फारच लहान होतं. मंगळवार पेठेतल्या सासरच्या घरी आल्या आल्या आत्यानं निकाल दिला, "गिराणात काय तरी चिरलं असशील की." माझ्या पोटात मूल असताना आपल्याकडं एकही ग्रहण दिसलं नव्हतं, पण ते कोण आठवतंय!

मुलगी चालायला लागली फार उशिरा, बोलली तर नाहीच. शेवटी आम्ही नवराबायको तिला जनुकांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. रक्ताचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी समोर बसवून सांगितलं,

"पोटात मेंदू घडताना आधी मूळ पेशी असतात. एकीच्या दोन होतात आणि दोन्ही मूळ पेशीच राहतात. असा साठा वाढला की मग त्यांतून मेंदूच्या पेशी व्हायला लागतात. हे वाढणं नीट चालू राहावं म्हणून काही जनुकं काम करतात. हिच्यात त्यातलं एक बिघडलंय. साठा पुरेसा व्हायच्या आतच वाढ थांबली."

"माझ्या हातनं काय चुकलं व्हतं का?"

"काहीच नाही. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. हिला बिघडलेली एक प्रत तुमच्याकडून आली, एक यांच्याकडून. तुम्ही दोघं एकाच आजी-आजोबांची नातवंडं, त्यामुळे तीच प्रत दोघांकडे उतरली. नुसती एक प्रत बिघडलेली असली तर त्रास होत नाही, म्हणून तुम्ही दोघं धडधाकट."

घरी येऊन मी हे सगळं आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं काय न्हाय. तुझ्या आईकडनं आलं असंल." डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द ऐकलेला माझा नवरा शेजारीच बसला होता. तो मोबाइल बघत राहिला.

पुढं धाकट्या दिराला माझीच धाकटी बहीण बघितली. मी तडक मलकापूर गाठलं. वडलांना म्हणाले, "आधी दोघांचं रक्त तपासा. मग खुशाल लग्न लावा."

"सख्ख्या भणीला पोराचं रक्त तपास म्हणू व्हय? तुझं नशीब तुझ्याजवळ. हिच्या गळ्यात बांधू नगंस."

तपासणी झाली नाही. लग्न झालं.

बहिणीला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू? पण बारशाच्या दिवशी आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "आता बोल की! तेच घर, तेच रक्त. मग ह्यो कसा चांगला?"

"दोघांकडं बिघडलेली प्रत नसंल. न्हाय तर असून बी ह्याला दोन्ही आल्या नसतील."

कुणी ऐकलं नाही. बहीण जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, पावणं यायला लागल्यात. हिला जरा आत घिऊन बस की."

मी लेकीला आतल्या खोलीत नेलं. बाहेर बायकांनी पाळणा म्हणायला घेतला तशी ती टाळ्या वाजवत दाराकडं धावली. मी तिला ओढून मांडीवर घेतलं आणि पायानं दार लोटून दिलं.