उस्तादांचं नाक

तरुणपणी बॉक्सिंगच्या रिंगणात उस्तादांनी भल्याभल्यांना लोळवलं होतं. उजवा ठोसा हाणण्याआधी ते डाव्या ग्लोव्हने नाक घासायचे. चेल्यांना वाटलं, यशाची गुरुकिल्ली हीच. त्यांनी ती उचलली आणि पुढे आपल्या चेल्यांनाही शिकवली. खरं तर ग्लोव्ह तोंडाजवळ आला की उस्तादांचं नाक हुळहुळायचं, एवढंच. पण लोक गुरू गुरू म्हणून डोक्यावर घेत असताना हे कुठल्या तोंडाने सांगणार?

यंदा अंतिम सामन्यातल्या दोघी मुली त्यांच्याच चेल्यांनी घडवलेल्या. घंटा वाजली, दोघी पुढे सरसावल्या आणि दोघींनी एकदमच नाक घासलं. पंच बुचकळ्यात पडले.

उस्तादांना राहवेना. शेजारी बसलेल्या बायकोला ते हळूच म्हणाले, "अगं, ती युक्ती नव्हती. मला नुसती खाज यायची."

"माहितीय की," ती म्हणाली. "झुरळं होऊ नयेत म्हणून तुमच्या ग्लोव्हमध्ये डांबरगोळ्या मीच ठेवायचे."

तेवढ्यात एकीने नाक घासून सणसणीत ठोसा लगावला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. उस्ताद उठायच्या आत त्यांची बायको उठली आणि चारी बाजूंना हात हलवून टाळ्या स्वीकारू लागली.