लालबागचा फळा आणि शाडूचे खडू

फळा, त्याची चौकट, खडू, पुसायचा बोळा, चढायची शिडी.

यातली एकही वस्तू दुकानातून आणलेली नव्हती.

हे सगळं स्वतःच्या हातांनी करणारे आमच्या चाळीतले आप्पा आज सकाळी गेले.

घरीच गेले. झोपेत. ग्रुपवर ‘हॉस्पिटलमध्ये’ असं फिरतंय, ते चूक आहे. प्लीज फॉरवर्ड करू नका.

एका जागी बसवत नाहीये, म्हणून लिहितोय.

फळा देवदाराचा, कापडाच्या गाठी यायच्या त्या खोक्यांचा. रंग म्हणजे दिव्याची काजळी आणि अळशीचं तेल. खडू गणपतीच्या कारखान्यात उरलेल्या शाडूचे, कागदाच्या नळीत भरून वाळवलेले. एवढं डिटेल अशासाठी, की उद्या कुणीतरी ‘जुना ब्लॅकबोर्ड’ लिहून मोकळा होईल.

मी सातवीत शाळा सोडली. अक्षर याच फळ्यावरून गिरवलं. आज दुकानांच्या पाट्या रंगवतो. खोट काढून दाखवा.

पण फळ्याचे खरे दिवस माझ्या जन्माआधीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे.

आप्पा तेव्हा नुसते शांताराम. गिरणीत बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, कुणी आलं नसेल तर काम, नाहीतर घरी.

पेपर विकत घेणारी घरं मोजकी. वाचून झाला की ती पेपर शांतारामकडे पाठवायची, आणि ते त्यातल्या बातम्या फळ्यावर लिहायचे. कारखानेवाले शाडू द्यायचे, कुणी कंदिलाचं तेल. वाचणाऱ्यांनीच चालवलेला फळा. पण देणाऱ्याचं नाव त्यावर कधी नाही, आणि न देणाऱ्याला वाचायला मनाई नाही.

नियम एकच. दोन माणसांनी सांगितल्याशिवाय ऐकीव बातमी लिहायची नाही.

एका संध्याकाळी दोघांनी सांगितलं, उद्या गिरण्या बंद.

लिहिलं.

सकाळी गिरण्यांचे भोंगे नेहमीसारखे वाजले. अर्धी चाळ घरी बसलेली!

दोघंही एकाच सलूनमधून ऐकून आले होते.

“तुझ्या फळ्यान माझो खाडो पडलो रे शांताराम! पगार काय तुझो बापूस देतलो?” एक गिरणीवाला गॅलरीतूनच ओरडला.

त्यांनी फळा पुसला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. ‘कालची बातमी खोटी. चूक माझी. शांताराम.’

फळ्यावर त्यांचं नाव आलं ते तेवढंच.

पण रागाने घरांनी पेपर पाठवायचे थांबवले. बाहेर लाठीमार, गोळीबार, कर्फ्यू. आणि फळा कोरा. शांताराम गॅलरीत नुसते येरझाऱ्या घालायचे.

मग खानावळवाल्या भागीकाकू आल्या. बायको दिवसांची, म्हणून शांतारामही तेव्हा त्यांच्याकडेच जेवायचे. सगळ्यात जास्त खाडे त्यांच्याकडे जेवणाऱ्यांचेच पडले होते. त्याच जेवणाऱ्यांनी मिळून घेतलेला पेपर त्यांनी पुढे केला.

“लिही.”

“लोक शिव्या घालतील, काकू.”

“घालू देत. माझी पोरं सत्याग्रहाला गेलीत. मला वाचता येत नाही, फळ्यासमोर कुणी मोठ्याने वाचतं तेव्हाच कळतं. कुठे गोळी चालली ते काय चुलीला विचारू?”

जाता जाता वळल्या. “आणि परत त्या सलूनमधलं काही लिहिलंस, तर तुझं ताट बंद!”

त्या दिवसापासून सांगायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी एकच प्रश्न. “तू कुणाकडून ऐकलंस?”

हा किस्सा मी आप्पांकडून ऐकलाय आणि काकूंकडूनही. वेगवेगळा. जुळला, म्हणून लिहितोय.

पेपर एकेक करत परत यायला लागले. फळ्यासमोर पुन्हा गर्दी. आणि गर्दी बघून कोपऱ्यावरचा धान्यवाला शेठ आला.

त्याला फळ्यावरची एक ओळ खुपायची. आजूबाजूच्या दुकानांत तांदूळ कुठे काय भावाने, ती ओळ.

शांतारामच्या घरात तेव्हा बाळंतीण. गेटवरून बहुतेक दिवस रिकाम्या हाताने परत.

आप्पा, शेवटचा नमस्कार. आज सगळे लिहितील, साधे होते, प्रेमळ होते. साधे वगैरे नव्हते. मी तपासलेलं तेवढंच लिहितो.

शेठची ऑफर अशी होती. सिमेंटचा पक्का फळा, वर विजेचा दिवा, त्याखाली दुकानाचं नाव. तांदळाची ओळ तेवढी काढायची.

“विचार करून सांगतो,” असंसुद्धा आप्पा म्हणाले नाहीत. सरळ नाही म्हणाले.

शेठ वर देणार होता महिना साठ रुपये. गेटवरून एवढे क्वचितच मिळायचे.