विहिरीच्या पाण्याची बाटली

आमच्या विहिरीचं पाणी तपकिरी झालं, तेव्हा कारण शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. वरच्या अंगाच्या साखर कारखान्याची मळी सरळ ओढ्यात येत होती आणि ओढा विहिरीला खेटून वाहतो. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाला पिण्यासाठी तेवढी एकच विहीर. पाण्याची तपासणी करायची आणि कुणीही फुटायचं नाही, अशी महादेवाच्या देवळात सगळ्यांनी शपथ घेतली. पहिला बेलभंडार उचलला माझ्या सख्ख्या काकांनी.

म्हणून बाटली नांदेडच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकट्यानंच नेली. नांदेडला नोकरीला मी होते, पण मीच म्हणाले, बेलभंडार उचललेल्या माणसावर पहारा कशाला? ओळखीला म्हणून बाटलीच्या गळ्याला आईच्या लुगड्याची हिरवी चिंधी तेवढी बांधली.

अहवाल आला, पाणी पिण्यायोग्य आहे. गाव गप्प झालं. आई तेच पाणी उकळून पीत राहिली आणि पोट धरून बसत राहिली.

पुढच्या खेपेला गावी गेले, तर काकांच्या गोठ्यात कोनाड्यात ती बाटली दिसली. चिंधी तशीच, झाकण उघडलेलंही नाही, तळाला काळा गाळ. बाहेर त्यांच्या फडात तोडणीची टोळी आलेली, गावात सगळ्यांच्या आधी.

मी बाटली त्यांच्यापुढं ठेवली. "ऊस वाळून चालला व्हता," ते म्हणाले. "कारखान्यानं नेलाच नसता. तुला काय, तू नोकरीवाली." मग चहा घेतेस का, म्हणून विचारलं. मला त्या चहाचा जास्त संताप आला.

"घरातलं हाय, घरातच ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. मी तिचं ऐकलं, आणि त्याबद्दल स्वतःला अजून माफ केलेलं नाही. ग्रामसभेत एवढंच म्हणाले की पाणी पुन्हा तपासू, या वेळी बाटली मी नेते.

काका उठले. "तपासा की. पण पोरगी बाहेर ऱ्हाती. आधी तिला बेलभंडार उचलू द्या."

मी उचलला. तरी लोकांचं समाधान होईना. वाटेत बाटली बदलू नये म्हणून माझ्यासोबत भरवशाचा माणूस द्यायचं ठरलं.

सकाळी नांदेडच्या बसमध्ये काका माझ्या शेजारी बसले, बाटली मांडीवर घेऊन.