एकतीस सेकंद

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक दुकान होतं. दुकान म्हणायचं म्हणून. खरं तर ते काचेचं कपाटच, आत एक माणूस बसवलेला. त्यांना सगळी वस्ती घड्याळजी म्हणायची. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर होतं, ते तिथेच राहिलं.

माझी त्यांची ओळख नाटकामुळे झाली. आमच्या एका नाटकात तिसऱ्या अंकात भिंतीवरचं घड्याळ बंद पडायचं, नेमकं माझ्या एका वाक्यावर. पहिल्या प्रयोगाला ते बंद पडलं नाही. मी काळीज पिळवटून वाक्य टाकलं, वर पाहिलं, तर लंबक आपला मजेत हलतोय. प्रेक्षकांत खसखस पिकली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी या माणसाला धरून आणलं. त्यांनी घड्याळाच्या आत एक बारीक दोरी बसवली, तिचं टोक विंगेत नेलं, आणि पुढचे एकशे चाळीस प्रयोग स्वतः विंगेत उभं राहून ती ओढली. एकदाही वेळ चुकली नाही. त्यांची बायको म्हणायची, "हे घरी जेवायला तासभर उशीर करतील, पण बाईंच्या वाक्याला नाही."

ती गेली. मूलबाळ नव्हतं. नाटकं थांबली, मी त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर येऊन राहिले. लोकांनी घड्याळं मनगटावरून काढून वेळ खिशातल्या फोनवर सोडून दिली. घड्याळजी मात्र रोज नऊला काच उघडत, डोळ्याला भिंग लावत, आणि गिऱ्हाईक नसलं तर आपल्याकडचीच घड्याळं उघडून पुसत बसत. एखादं घड्याळ मागे पडलेलं त्यांना सहन व्हायचं नाही. माझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं, तर चहाला आलेले असताना ते स्टुलावर चढले. चहा निवला, घड्याळ वेळेवर आलं.

त्यांच्या पिढीतलं आता एकच माणूस होतं, थोरली बहीण. अक्का. ती राहायची समोर, रस्त्यापलीकडे, तळमजल्यावर. अंतर विचाराल तर हाक मारली की ऐकू जाईल एवढं. पण अक्काला ऐकू येत नव्हतं. फोनवर तर काहीच नाही. तिच्याशी बोलायचं म्हणजे शेजारी बसून, डाव्या कानाशी तोंड नेऊन बोलायचं. घड्याळजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून तासभर तेच करत. जगात त्यांना "धाकट्या" म्हणणारी तेवढीच एक उरली होती.

मग रस्ता रुंद झाला. मधली झाडं गेली, मधला कट्टा गेला, सहा पदरी रस्ता झाला. त्याच सुमारास घड्याळजींचा उजवा गुडघा गेला. सिग्नलचा हिरवा माणूस अठरा सेकंद चालायचा आणि लाल होऊन उभा राहायचा. पहिल्याच आठवड्यात घड्याळजी चौथ्या पट्ट्यात असताना गाड्या सुटल्या. एक बस त्यांच्या पाठीला वारा घालून गेली. कुणीतरी हाताला धरून त्यांना परत या बाजूला आणलं. त्यानंतर ते गेले नाहीत. भाड्याची गाडी करावी, तर ती पुलाखालून वळसा घालून जायची, आणि गाडीवाला विचारायचा, "काका, समोर जायला गाडी?" दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा त्यांनी हात केला नाही.

असं दीड वर्ष गेलं. अक्काची लेक सकाळी कामाला जाई, ती दिवेलागणीला येई. अक्काला चाकांच्या चौकटीच्या आधाराशिवाय चालता येत नसे, ती खिडकीत बसून असायची. संध्याकाळी घड्याळजी या काठाला उभे राहत, हात वर करत. मधून बस गेली की हात वर धरूनच थांबत. गुडघ्याचं अक्काला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं.

अशात पालिकेनं वस्तीतल्या रहिवाशांकडून सूचना मागवल्या: पायी चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सोय कशी सुधारता येईल. शाळेच्या सभागृहात नकाशा लावला होता. रंगीत कागदाच्या चिठ्ठ्यांवर सूचना लिहायच्या आणि नकाशावर जागच्या जागी चिकटवायच्या. मी घड्याळजींना घेऊन गेले. बसायला पोरांची बाकं, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे हनुवटीला.

सायकलवर शाळेला येणारी गणिताची शिक्षिका होती, तिला सायकलच्या पट्ट्यात उभ्या राहणाऱ्या मोटारी हटवून हव्या होत्या. औषधवाला म्हणाला, मोटारी हटवल्या तर माझं गिऱ्हाईक काय पॅराशूटनं उतरणार का. एका तरुण आईनं बाबागाडीसाठी फुटपाथला उतार मागितला. इमारतीच्या सेक्रेटरीला पादचारी पूल हवा होता, आणि त्यानं चित्रही काढून आणलं होतं. शिक्षिकेनं पायऱ्या मोजल्या, अठ्ठेचाळीस भरल्या. ती म्हणाली, ज्याला हा पूल चढता येतो त्याला रस्ता पळत ओलांडता येतो, मग पूल कुणासाठी. सेक्रेटरी म्हणाला, दिसायला तरी चांगला दिसेल. यावर बराच वेळ हसणं आणि भांडण दोन्ही झालं.

घड्याळजींनी एकच चिठ्ठी लावली. तिच्यावर लिहिलं होतं: तेरा सेकंद.

पालिकेची इंजिनीअर तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, हे काय. तेव्हा ते उभे राहिले आणि हलक्या आवाजात सांगितलं, की त्यांनी रस्त्याच्या रुंदीएवढं अंतर इमारतीच्या आवारात खडूनं आखलं, सात दिवस सकाळ-संध्याकाळ चालून पाहिलं, आणि सरासरी एकतीस सेकंद आली. दिवा अठरा देतो. "मला बाकी काही नको. फक्त फरक द्या."

इंजिनीअर म्हणाली, तुमच्या म्हणण्यावर विश्वास आहे, पण वरच्यांना कागद लागतो. गुरुवारी दहाला सिग्नलवर या, मी वेळ लावते, तुम्ही चाला. ती मोजणी मी जोडते, दिवा वाढेल.

आता माझी चूक सांगते. ती माझीच आहे, आणि माझ्यासारख्या बाईच्याच हातून व्हायची.

बुधवारी आवारात मी त्यांची तालीम घेतली. हेतू चांगला होता. मला वाटलं, उद्या माणसं जमणार. हा माणूस वाकून, पाय ओढत गेला तर लोक त्याचं म्हणणं विसरतील आणि त्याची कीव करतील. मी पन्नास वर्षं हेच शिकले होते. सांगितलं, "हळू चाला, पण ताठ. काठी घरी ठेवा, लोक काठीकडे बघतात. आणि खाली बघायचं नाही. शेवटच्या रांगेकडे बघायचं." ते दोनदा चालले. दोन्हीदा एकतीस. मी मनात म्हटलं, उद्याचा प्रयोग रंगणार.

गुरुवारी फुटपाथवर वीसेक माणसं. शिक्षिका सायकल धरून उभी, औषधवाला दुकान सोडून आलेला. घड्याळजींनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. समोर खिडकीत अक्का. इंजिनीअरनं फोनवर वेळ लावायची तयारी केली आणि तो त्यांच्यासमोर धरला, की आकडे शून्यावर आहेत बघा. त्यांनी ते आकडे पाहिले, आणि मला तेव्हाच समजायला हवं होतं.

हिरवा माणूस लागला. पहिली चार पावलं ठरल्याप्रमाणे पडली. मग त्यांना मागे आकडे पळत असल्याचं जाणवलं असावं. सगळा जन्म ज्यांनी मागे पडलेली घड्याळं पुढे आणली, त्यांना दुसऱ्याच्या हातातल्या घड्याळापुढे मागे पडणं जमेना. पाठ ताठ, नजर शेवटच्या रांगेवर, म्हणजे अक्काच्या खिडकीवर, आणि माणूस झपझप निघाला. मी मागून "हळू, हळू" म्हणत होते. विंगेतून कुणी कितीही कुजबुजलं तरी एकदा प्रवेश सुटला की सुटला.

सतरा सेकंद. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या दिव्याला मी आणि इंजिनीअर पलीकडे गेलो. माझीही तारांबळ झाली, तिनं हात धरला. घड्याळजी खांबाला धरून उभे होते, चेहरा पांढरा, पण त्यावर एक सुख होतं. ते हळूहळू उतरताना मी पाहिलं. मुलगी भली होती. म्हणाली, "काका, हे मी लिहीत नाही. थोडं बसा आणि पुन्हा एकदा, तुमच्या नेहमीच्या चालीनं."

"नाही," ते म्हणाले. "एकदा घेतलेली वेळ मी कधी खोडली नाही. लिहा."

मी रागावले, विनवलं. तिनं लिहिलं.

मग वाटलं, निदान अक्काची भेट तरी होईल. मी त्यांना धरून तिच्या दारात नेलं. अक्का दार उघडून उभी होती. तिनं भावाला आपादमस्तक पाहिलं. ऐकू येत नसलेल्या माणसाला आपला आवाज किती मोठा लागतोय हे कळत नाही, त्यामुळे ती जे बोलली ते बाहेरच्या फुटपाथपर्यंत गेलं.

"एवढा तरातरा चालतोस की रे धाकट्या. मग दीड वर्ष काय झालं होतं?"

मी पुढे झाले, तिच्या कानाशी तोंड नेलं. घड्याळजींनी माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं. स्वतः वाकले, आणि तिच्या डाव्या कानात म्हणाले, "कामं होती, अक्का. फार कामं होती."

तिनं चहा दिला. तासभर बसले. ती त्यांच्याकडे फारशी बघत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती. परतताना मी गाडी केली आणि गाडीवाल्यानं तोंड उघडायच्या आत त्याला माझा तिसऱ्या अंकातला आवाज ऐकवला. घरी येईपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला होता.

महिनाभरात पालिकेचं पत्र आलं. फुटपाथला उतार मंजूर, सायकलच्या पट्ट्याला रंग मंजूर. सिग्नलची वेळ प्रत्यक्ष मोजणीत पुरेशी आढळली. शिक्षिका घड्याळजींकडे आली ती रडवेली होऊन. घड्याळजी अंथरुणातूनच तिला म्हणाले, तुमचा पट्टा झाला ना, छान झालं, आता घंटी नीट वाजते का बघा. दुकानाची काच बंदच होती. मी डबा घेऊन जाई. डबा उघडण्याआधी ते रोज विचारत, खिडकीत आहे का. मी सांगत असे, आहे. आठ दिवस ती नव्हती. तरीही मी सांगत होते.

एका दुपारी त्यांनी कागद मागितला. बारीक, सरळ अक्षरात, एखाद्या यंत्राचा बिघाड लिहावा तसं त्यांनी लिहिलं: अक्का, मला रस्ता ओलांडायला एकतीस सेकंद लागतात. दिवा अठरा सेकंद असतो. त्या गुरुवारी सतरा लागले ते लोक बघत होते म्हणून. त्याआधी दीड वर्ष कामं नव्हती.

मी ते घेऊन गेले. मला दोन दिवे लागले. पहिल्याला धीर झाला नाही. अक्कानं कागद नाकाशी धरून वाचला, मग परत पहिल्या ओळीपासून वाचला. घडी घालून उशीखाली ठेवला. मग चाकांच्या चौकटीला धरून उठली, तिच्याच आधारानं खोलीभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, आणि धापा टाकत मला म्हणाली, "त्याला विचार, या चालीनं मला किती लागतील. तो बरोबर सांगेल."

मी तिची खोली पावलांनी मोजली, ती चौकट धरून परत पहिल्या भिंतीशी गेली ती वेळ मनगटावर पाहिली, आणि दोन्ही आकडे घेऊन परत आले. घड्याळजी उशीला टेकून बसले. पाकिटाच्या पाठीवर त्यांनी भागाकार केला, उत्तर आलं तरी पुन्हा एकदा केला. अडुसष्ट.

ते आकड्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, मी सोबत असेन, शिक्षिका असेल, आम्ही गाड्या अडवू. त्यांनी ऐकलं, नाही असं नाही. पेन्सिलीचं टोक त्यांनी त्या आकड्यावर हलकेच ठेवलं, लिहिलं काही नाही.

"बाई," ते म्हणाले, "तिला सांगा, येऊ नकोस."