बिनकोंबड्याची अंडी

मंडळी, शेजारच्या शेवंतामावशींच्या कोंबड्या यंदाच्या रोगात गेल्या. एकच उरली, ती खुडूक बसली. खुराडं पुन्हा भरावं म्हणून मावशींनी तिच्याखाली दौंडच्या पोल्ट्रीतली पांढरी अंडी ठेवली. तीन आठवडे उलटले, म्हणून आज मी एक अंडं उन्हाकडे धरलं. आत नुसता उजेड.

"मावशी, पोल्ट्रीत कोंबडा नसतो. यातून पिल्लू कुठलं निघायचं?"

"बाप नसंल गुरुजी, पर आई तर बसलीय न्हवं?"

संस्कृतात पक्ष्याला द्विज म्हणतात, दोनदा जन्मणारा. एकदा अंडं म्हणून, एकदा पिल्लू म्हणून. या अंड्यांचं एकाच जन्मावर भागलं.

मावशींनी अंडी काढून घेतली, तरी कोंबडी रिकाम्या पाटीत बसून आहे. दाणा टिपत नाही.

त्या रोगानंतर आमच्या इनामगावात आता पहाटे एकही कोंबडा आरवत नाही. तुमच्याकडे एखादा उरलाय का?