बाइंडरकाकांचा पुठ्ठा

पुलाच्या मध्यावर आल्यावर बाइंडरकाका म्हणाले, "मास्तरीणबाई, हात बदलू या. माझी बोटं बधिर झाली."

आम्ही खोकं कठड्यापाशी टेकवलं. फळांचं लाकडी खोकं, आत कागदाच्या कात्रणांचा थर, त्यावर जुनी चादर आणि चादरीवर पुठ्ठा. पुठ्ठा म्हणजे त्यांचं कुत्रं. पाच महिन्यांचं पिल्लू, रंग थेट वहीच्या पुठ्ठ्यासारखा, म्हणून ते नाव. एरवी हाक मारली की शेपटीबरोबर अख्खं अंग हलवत यायचं. त्या सकाळी नुसती एक पापणी हलली. चादरीवर नवा लाल डाग पडला होता. काकांनी कात्रणं ओढून तो झाकला, जणू मला दिसलाच नव्हता.

"अजून किती हो काका?"

"पूल उतरला की गुदामं, मग पाण्याची टाकी, मग जनावरांचा दवाखाना. अर्धं आलो."

दोन रिक्षावाल्यांनी खोक्यात डोकावून नकाराची मान हलवली होती. तिसऱ्याला काकांनी विचारलंच नाही. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालत होते. काका मनात काय म्हणत होते, ठाऊक नाही. त्यांचं लक्ष खोकं हिंदकळू नये इकडेच होतं.

आमच्या खोल्या वर आणि त्यांचं दुकान खाली. शाळेची हजेरीपुस्तकं, वाचनालयातली फाटकी पुस्तकं मी त्यांच्याकडे बांधायला न्यायचे. आत शिरलं की आधी खळीचा आंबूस वास यायचा, मग मेण लावलेल्या दोऱ्याचा. काका दाभणाने भोकं पाडता पाडता वर न बघता विचारायचे, "तुझ्या शाळेतली मुलं पुस्तकं वाचतात की चघळतात?" मी म्हणायचे, "तुम्ही बांधलेलं चघळूनही तुटत नाही, म्हणून तर आणते." मग स्वारी खूश. आता शाळेत हजेरी यंत्रावर घेतात, पण कपाटात त्यांची पुस्तकं अजून ताठ उभी आहेत. काढली की तोच वास येतो, आणि दोन मिनिटं माझं कामात लक्ष लागत नाही.

काकू लवकर गेल्या. एकुलत्या लेकीला काकांनीच वाढवलं, तिच्या वेण्यासुद्धा घातल्या. "तीन पेडांचा टाका," म्हणायचे. ही लेक नर्सिंग शिकायला परगावी गेली, तेव्हा गटारातून उचललेलं पिल्लू बापाच्या मांडीवर ठेवून गेली. "ही ब्याद माझ्या गळ्यात," असं काका आठवडाभर सगळ्या गल्लीला सांगत फिरले. पुढच्या आठवड्यात ब्याद त्यांच्या उशीवर झोपायला लागली.

आदल्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला खाली उतरले, तर दुकानामागे पुठ्ठ्याची लालसर, पातळ शी पडलेली. मी काकांना हाक मारली. ते बघून हसले.

"अगं, काल साहेबांनी बांधणीच्या लाल कापडाची अख्खी पट्टी गिळली. तोच रंग उतरलाय. कापडवाला पक्का रंग म्हणून शपथा घेत होता. त्याला बोलावून दाखवतो आता."

मीही हसले. ते हसणं मला अजून टोचतं.

दुपारी पुठ्ठा दोनदा ओकला. पोटाला आराम पडावा म्हणून काकांनी त्याची पाण्याची वाटीच उचलून ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता शी राहिलीच नव्हती, नुसतं रक्त, आणि वास असा की खळीचा वास कुठल्या कुठे गेला. काकांनी ते बोटावर घेतलं, उजेडात धरलं. तीस वर्षं त्या कापडात घालवलेला माणूस.

"हा कापडाचा रंग नाही गं," एवढंच बोलले आणि खोकं रिकामं करायला लागले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पुठ्ठ्याचा ओठ वर करून हिरडी दाबली. पांढरी पडली होती, ती पांढरीच राहिली. हाड खाल्लं का, उंदराचं औषध कुठे ठेवलं होतं का, जंताचं औषध कधी दिलं, एकेक विचारत गेल्या. काका म्हणाले, "कीड लागू नये म्हणून खळीत मी मोरचूद घालतो, विषारीच ते, पण ते भांडं वरच्या फळीवर असतं." बाईंनी नकारार्थी मान हलवली. "पार्व्हो वाटतोय, पिल्लांच्या आतड्यांचा रोग. लस दिली होती?"

"तारीख होती," काका म्हणाले. "शाळांचं काम अंगावर होतं."

"जंतांनी रक्त पडतं, विषाने पडतं, या रोगानेही पडतं. घरी बसून ओळखता येत नाही. थेंबभर पडलं आणि कुत्रं उड्या मारत असलं, तरी त्याच दिवशी दाखवायचं. आणि रक्ताबरोबर उलटी, मलूलपणा असला, तर तासभरही वाट बघायची नाही. एवढंसं पिल्लू बघता बघता सुकतं. कालच आणायला हवं होतं, काका."

सलाईन लागलं. काका तीन दिवस दवाखान्याच्या बाकावरच मुक्कामाला होते. मी शाळा सुटली की डबा घेऊन जायचे आणि येताना तोच भरलेला डबा परत आणायचे. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याने त्यांचं बोट चाटलं, तर त्यांनी मला फाटकातच गाठून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

आठवड्याने ते पत्राचा कागद घेऊन वर आले. त्यांचं अक्षर लेकीला लागत नसे, म्हणून पत्रं मीच लिहायचे. ते कागदाच्या कडा जुळवत बसले, तेव्हा मीच चार ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या, 'पुठ्ठा अचानक आजारी पडला. खूप धावपळ केली, पण देवाच्या मनात नव्हतं.'

"खोड ते."

"काका, ती तिकडे एकटी आहे. वाचून रडेल. आणि तुम्हाला बोल लावेल."

"लावू दे. दुखण्याखुपण्याचंच शिकायला गेलीय ना ती?" त्यांनी चष्मा काढला. "अचानक काही झालं नाही, मास्तरीणबाई. आणि देवाला मध्ये घेऊ नकोस, तुझ्या पाया पडतो. त्याने मला एक अख्खा दिवस दिला होता. मी हसलो, वर पुठ्ठ्याचं पाणीही काढून घेतलं. सुईची तारीख चुकवली तेही लिही. आणि खाली मोठ्या अक्षरात लिही, पोरी, पुढे कधी कुत्रं पाळलंस आणि लाल दिसलं, तर रंग कसला ते बघत बसू नकोस, उचल आणि नीघ. लिहिशील ना एवढं, जसं झालं तसं?"